अर्धवट राहिलेलं कुठे जातं?



आजचं वाचन गीतेच्या सहाव्या अध्यायातलं आहे, श्लोक ३७ ते ४०. सहावा अध्याय म्हणजे ध्यानाचा अध्याय, असं आपण धरून चालतो. आसन कसं असावं, नजर कुठे ठेवावी, मन कसं आवरावं, हे सगळं त्यात आहेच. पण ते ऐकून झाल्यावर अर्जुन जो प्रश्न विचारतो, तो ध्यानाला न बसणाऱ्या माणसालाही लागू पडतो. कृष्णा, एखाद्याने मनापासून सुरुवात केली, पण मध्येच काहीतरी तुटलं आणि काम तडीला गेलं नाही, तर त्याचं काय होतं? हेही हातचं गेलं आणि तेही मिळालं नाही. वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा तो मधल्यामध्ये विरून जातो का? आणि ३९ व्या श्लोकात तो म्हणतो, ही शंका तुझ्याशिवाय कोणी फेडू शकणार नाही.

अर्धवट राहिलेल्या गोष्टी आपल्या सगळ्यांकडे असतात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे प्रोजेक्ट बंद पडतात, सहा महिन्यांचा कोड एका मीटिंगमध्ये बाजूला होतो. त्याचं वाईट वाटतं, पण चार दिवसांनी आपण पुढच्या कामाला लागतो. आज मी वेगळ्या अर्धवट कामाबद्दल लिहितोय. काम चालू असतानाच ते ज्याच्यासाठी होतं तो जीवच गेला, तर त्या कामाचं काय करायचं? पूर्ण करायचं, मोडायचं, की तसंच ठेवायचं?

माझ्यासमोर हा प्रश्न एका लहानशा पिवळ्या स्वेटरच्या रूपाने आला. बहिणीला विचारूनच हे लिहितोय.

आमचं गाव राणीसावरगाव, परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात. गावात रेणुकामातेचं देऊळ आहे आणि तालुक्याचं गाव म्हणजे संत जनाबाईंचं गंगाखेड. माझी आत्या गावातच राहते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. तिला विणकाम फार चांगलं येतं. घरात, भावकीत, शेजारी कुणाकडे बाळ होणार असलं की आत्याच्या सुया बाहेर निघतात.

आता आपल्याकडे एक रीत आहे, तुमच्याही घरी असेल. बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवीन काही आणायचं नाही, शिवायचं नाही. जन्मल्यावर पहिले काही दिवस त्याला जुन्या सुती लुगड्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळायचं. नवं अंगडं-टोपडं, कुंची, हे सगळं बाराव्या दिवशी बारशाला. यात एक सरळ व्यवहार आहे: शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ दुसरं काही नसतं. पण दुसरं कारण भीतीचं आहे. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा देशात २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. आपल्या आज्यांनी पहिला आकडा स्वतःच्या घरात भोगलाय. बाळाआधी कपडे तयार ठेवायचे आणि मग ते बघत बसायची वेळ यावी, हे दुःख टाळायला त्यांनी ही रीत पाळली. तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून हसू नये, असं मला वाटतं.

आत्या ही रीत अर्धी पाळते. ती आधीच विणते, पण कुणाला दाखवत नाही. जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवते. तिचा हिशोब थंडीचा असतो. परभणीकडची थंडी पुण्यातल्या लोकांना खरी वाटत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडचा पारा एक आकडी होतो आणि त्याची बातमी होते. माझ्या बहिणीचं बाळ मार्गशीर्षात येणार होतं. आत्याने श्रावणात टाके घातले.

भाद्रपदात, सातव्या महिन्यात, बाळ पोटातच गेलं.

त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. स्वेटरचं सांगतो. पाठ पूर्ण झाली होती, पुढचा एक भाग झाला होता, दुसरा भाग सुईवर होता. बाह्या व्हायच्या होत्या. शेजारच्या बायका आत्याला म्हणाल्या, "उसवून टाका बाई. तसलं घरात ठेवू नये." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. आत्याने ऐकून घेतलं आणि अभ्रा ट्रंकेत ठेवून दिला. सुई काढली नाही.

सुई न काढण्याला अर्थ आहे. विणकाम ज्यांनी कधी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हाताने विणलेल्या स्वेटरचा प्रत्येक भाग म्हणजे एकच लांब धागा असतो. गाठी नाहीत, शिवण नाही. धाग्याचा एक फासा, त्यातून ओढलेला दुसरा फासा, त्यातून तिसरा. टाके मूळ दोनच, सुलटा आणि उलटा. (आमच्या शून्य आणि एकसारखे. सगळी नक्षी त्या दोनांतूनच निघते.) खालच्या प्रत्येक टाक्याला वरच्या टाक्याने धरून ठेवलेलं असतं. उघडे असतात ते फक्त सुईवरचे. सुई काढली की ते सुटतात, धागा ओढला की ओळीमागून ओळ उसवत जाते आणि शेवटी हातात नुसता कुरळा धागा उरतो. पण सुई जागेवर असेल, तर काम वर्षभर तसंच थांबू शकतं. ज्याला नमुना वाचता येतो तो कुणीही पुढचा टाका घालू शकतो.

याच अध्यायातला ४३ वा श्लोक मी वाचतो तेव्हा मला हे आठवतं. कृष्ण सांगतो, अर्ध्यावर थांबलेला साधक पुढच्या जन्मी आधीची समज परत मिळवतो आणि तिथून पुढे यत्न करतो. त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पण हे ज्ञान झालं. ट्रंकेतल्या स्वेटरचं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो. मला तीन उत्तरं दिसतात आणि तिन्हींच्या बाजूने बोलता येतं.

पहिलं, उसवणं. धागा वाया जात नाही, धुऊन परत वापरता येतो. वस्तू समोर नसली की जखमही सारखी उघडत नाही. दुसरं, तसंच जपून ठेवणं. ते त्याच बाळाचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. ते पूर्ण करून दुसऱ्याला देणं म्हणजे गेलेल्या बाळाची जागा भरून टाकण्यासारखं आहे, असं एखाद्या आईला वाटू शकतं, आणि तिचं ते वाटणं चूक म्हणता येत नाही. तिसरं, पूर्ण करून ज्याला थंडी वाजते त्याला देणं. एका मित्राशी यावर बोललो तेव्हा तो म्हणाला, "त्यापेक्षा बाजारातून नवा घे ना, तीन-चारशे रुपयांत मिळतो. कुणाला कसली शंका नको." व्यवहार म्हणून तो बरोबर आहे. थंडी वाजणाऱ्या बाळाला दोन्ही स्वेटर सारखेच.

मग फरक कशाचा? मला वाटतं, फरक आपण कशाच्या बळावर निर्णय घेतो त्याचा आहे. भीतीने उसवलं, तर आपण म्हणतो की श्रावणातल्या त्या सगळ्या संध्याकाळी, ते टाके, ती माया, सगळं खोटं ठरलं, कारण फळ मिळालं नाही. अर्जुनाची शंका नेमकी हीच आहे. फळ नाही म्हणजे कर्मच विरून गेलं का? आणि कृष्णाचं उत्तर स्वच्छ आहे: नाही. इथेही नाही आणि पुढेही नाही. कल्याणाचं काम करणाऱ्याचं वाईट होत नाही.

लक्षात घ्या, "सगळं पूर्णच कर" असं कृष्ण म्हणत नाही. वाया गेलं या भीतीत राहू नकोस, एवढंच म्हणतो. त्या भीतीतून बाहेर आलेला माणूस स्वेटर उसवू शकतो, ठेवू शकतो किंवा पूर्ण करू शकतो. तिन्ही चालेल.

पण निर्णय कुणाचा? धागा आत्याचा, हात आत्याचे, वेळ आत्याचा. तरी आत्याने स्वतः ठरवलं नाही. वर्षभर थांबली. पुढच्या भाद्रपदानंतर तिने माझ्या बहिणीला फोन केला आणि सरळ विचारलं, "ते पिवळं अजून हाय माझ्यापाशी. तू म्हणशील तसं करते." बहीण काही बोलली नाही. आठ दिवसांनी तिचा फोन आला, "पूर्ण कर आत्या. पण मला फोटो पाठवू नको."

यातून मला जे कळलं ते असं. प्रेमाने केलेल्या वस्तूवर करणाऱ्याचा हक्क असतो, पण ज्याचं दुःख मोठं त्याचा हक्क आधी. आणि त्याने हो म्हटलं तरी, किती बघायचं आणि किती नाही, हेही त्यानेच ठरवायचं. सेवेच्या उत्साहात आपण हे विसरतो. आपला त्याग, आपलं दान समोरच्याने बघावं, त्यावर डोळे पुसावेत, अशी आपली छुपी अपेक्षा असते. आत्याने फोटो पाठवला नाही. आजही पाठवलेला नाही.

नवरात्रासाठी मी गावी होतो तेव्हा स्वेटर पूर्ण झाला होता. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीला माणसं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रॅक्टरवर भांडी, जळण, लेकरं, आणि मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, उसाच्या पाचटाच्या कोपीत. शेजारच्या गल्लीतली एक सून दोन-अडीच महिन्यांचं बाळ घेऊन निघाली होती. पहाटेच्या थंडीत फडावर जाणारं बाळ.

मला वाटलं होतं, आत्या स्वेटर हातात देईल आणि येईल. तिने आधी सांगितलं. "हे माझ्या भाचीच्या लेकरासाठी घातलं होतं. ते लेकरू राह्यलं न्हाई. तुला चालत असंल तरच घे. न्हाई म्हणलीस तरी मला राग न्हाई."

त्या सुनेच्या सासूने तोंड फिरवलं. सून बाळाकडे बघत थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, "धुतलंय का?"

"दोनदा."

"मंग द्या."

आत्याने तिला एवढंच बजावलं की बाळ चुलीपाशी असताना हे अंगात घालू नको. कारण आपण दुकानात लोकर म्हणून घेतो ती बाळांची मऊ लोकर बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा धागा. तो मऊ असतो, धुवायला सोपा असतो, पण आगीजवळ वितळतो आणि कातडीला चिकटतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर इतकी भरड असते की तिची घोंगडी होते, बाळाचा स्वेटर होत नाही. आत्याने बटणंही लावली नव्हती, बाळ ती तोंडात घालतं म्हणून. मागून सैल बंद होते, तेही आखूड. जाळीची नक्षी नव्हती, बाळाची बोटं अडकतात म्हणून. गेलेल्या बाळासाठी घेतलेली ही सगळी काळजी नव्या बाळाला जशीच्या तशी लागू पडली. एक टाकाही बदलावा लागला नाही.

ते सांगणं मला सगळ्यात मोठं वाटतं. न सांगता दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि बाळाला ऊब तेवढीच मिळाली असती. पण मग त्या आईच्या हातात आपण एक लपवलेली गोष्ट दिली असती. उद्या बाळाला साधी सर्दी झाली आणि कुठून तरी कळलं असतं, तर त्या बाईला गावाने आणि तिच्याच मनाने छळलं असतं. ओटी भरायच्या वेळी आत्याला कधी कुणी पुढे बोलावलं नाही. शकुन-अपशकुनाच्या नावाने माणसाला कसं बाजूला ठेवतात, हे तिला चांगलं माहीत आहे. म्हणूनच तिने समोरच्या बाईला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक दिली.

जनाबाईंची वाकळेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गंगाखेडच्या दमा आणि करुंड यांची ही मुलगी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी वाढली. ते घर शिंप्याचं, त्यामुळे चिंध्यांना काय तोटा असणार, असं मला उगाच वाटतं. गोष्ट अशी की देव रात्री जनीच्या झोपडीत आला, पहाटे काकड्याच्या घाईत तिची वाकळ अंगावर घेऊन गेला आणि स्वतःचं पदक तिथेच विसरला. जनीवर चोरीचा आळ आला, गोष्ट सुळापर्यंत गेली, आणि सुळाचं पाणी झालं, असं परंपरा सांगते. आपण कीर्तनात सुळाचा चमत्कार रंगवून ऐकतो. मला हल्ली वाकळ जास्त आठवते. जनीने ती स्वतःच्या अंगासाठी जोडली होती, आणि पांघरली कुणी? कापड एकाच्या मापाने बेततात आणि ऊब कुणाला मिळेल ते सांगता येत नाही.

१९६२ च्या युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, हे आपल्या आजीच्या पिढीने पाहिलं आहे. २० ऑक्टोबरला लढाई सुरू झाली, २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. एवढ्या दिवसांत हातचा स्वेटर होतो न होतो. कितीतरी घरांत ते सुईवरच असणार. पण हिमालयातली थंडी तर तेव्हा सुरू होत होती. तेव्हाही विणणाऱ्या बाईला माहीत नव्हतं की हा कुणाच्या अंगात जाईल आणि तो परत येईल की नाही.

आता पुन्हा श्लोकाकडे. चाळिसाव्या श्लोकात कृष्ण अर्जुनाला एका शब्दाने हाक मारतो: तात. बरोबरीच्या मित्राला लेकरासारखी मारलेली हाक. शंकराचार्यांनी भाष्यात या शब्दाची फोड केली आहे. बाप स्वतःला मुलाच्या रूपाने पुढे पसरवतो, म्हणून तो तात, आणि मुलालाही, मुलासारख्या शिष्यालाही तात म्हणतात. मूळ धातू तन्, म्हणजे ताणणे, पसरवणे, पुढे नेणे. याच धातूतून तंतू आला. विणकराचा ताणा आला. संतान आणि संतती हे शब्दही तिथूनच आले. धागा आणि लेकरू यांचं मूळ एकच आहे, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं वाचू शकलो नाही.

संतती म्हणजे रक्ताचं मूल, एवढंच आपण धरतो. मग आत्याला संतती नाही, आणि त्या भाद्रपदात माझ्या बहिणीचीही गेली. पण पुढे नेणं हा जर मूळ अर्थ असेल, तर सुईवर थांबलेला टाका ज्याने पुढच्या टाक्याला जोडला, त्यानेही काहीतरी पुढे नेलं. हे बोलून आईचं दुःख कमी होत नाही, आणि ते कमी करायला मी हे लिहीतही नाही. दुःख आहे तिथे आहे. एवढंच म्हणतोय की त्या दुःखाने मागचे टाके खोटे ठरत नाहीत.

तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? बहिणीला मग मूल झालं का? ते मी इथे सांगणार नाही. "झालं" म्हणालो तर तुम्ही म्हणाल, बघा, पुण्य फळाला आलं. "नाही" म्हणालो तर म्हणाल, मग उपयोग काय? दोन्ही वेळा आपण परत फळावरच येतो, आणि गीता आपल्याला तिथून उठवायला बघतेय.

आजच्या चिंतनासाठी एक छोटं काम. तुमच्याकडचं एखादं अर्धवट राहिलेलं प्रेमाचं काम आठवा. न पाठवलेलं पत्र असेल, आजोबांसाठी सुरू केलेलं आणि ते गेल्यावर थांबलेलं पारायण असेल. ते लगेच पूर्ण करायचा संकल्प सोडू नका. आधी फक्त एवढं बघा की ते आपण भीतीने बाजूला ठेवलंय का. मग ज्याचं त्यात सगळ्यात जास्त दुखतं, त्याला विचारा. तो आठ दिवस गप्प राहिला तर आठ दिवस थांबा.

उद्या आपण ४१ व्या श्लोकापासून पुढे वाचू.

राम कृष्ण हरी.